भूजल शिकणाऱ्याला महिन्याला किती? दोन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण,
मा. मंत्री, पाणीपुरवठा व स्वच्छता,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई 400032

विषय: भूजल विषय घेऊन भूशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या विद्यार्थ्यांना नेमणुकीशी जोडलेली शिष्यवृत्ती मिळण्याबाबत

महोदय,

मी मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर भूशास्त्र शिकवते. हे पत्र आपणा दोघांना मिळून लिहितेय, कारण प्रश्न एका खात्यात बसत नाही. शिष्यवृत्त्या एका खात्याच्या आणि भूवैज्ञानिकांची गरज दुसऱ्या खात्याची. एका दालनात गेलं की पाण्याचा विषय आमचा नव्हे असं उत्तर मिळतं, दुसऱ्यात शिक्षणाचा विषय आमचा नव्हे. दोन्ही उत्तरं नियमाला धरूनच असतात, त्यामुळे भांडताही येत नाही.

मागणी आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना वेळ नाही त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल. भूशास्त्राच्या एम.एस्सी.ला भूजलाचा विषय घेणाऱ्या दरवर्षी शंभर विद्यार्थ्यांना सलग चोवीस महिने दरमहा 15,000 रुपये द्या, आणि शिक्षण संपलं की दोन वर्षं त्यांना भूजलाच्या कामावर घ्या. पैसे आणि नेमणूक एकाच शासन निर्णयात हवेत. यातलं एक देऊन दुसरं सोडायचं असेल तर काहीच करू नका, असं मी जबाबदारीने म्हणते.

आता कारणं.

महाराष्ट्राच्या पाच हिश्शांतले चार हिस्से काळ्या कातळावर बसलेले आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा वाहिला, थिजला, पुन्हा वाहिला आणि थरावर थर चढत गेले. विहीर खोदणाऱ्या माणसाला हे पाठ असतं. वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे छिद्राळ खडक, त्याखाली घणाला दाद न देणारा काळा पाषाण आणि मधेच कुठेतरी गेरूचा तांबडा पट्टा. गंगेच्या खोऱ्यात वाळूचे जाड थर आहेत, तिथे पाणी सगळीकडे पसरलेलं असतं. आपल्याकडे ते फटींत, सांध्यांत आणि दोन थरांच्या जोडावर अडकलेलं असतं. म्हणून बांधाच्या अलीकडची विहीर मे महिन्यात पाणी देते आणि पलीकडची संक्रांतीलाच तळ दाखवते. दोन्ही शेतांत पाऊस तेवढाच पडलेला असतो. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात गोष्ट पुन्हा वेगळी, तिथे गाळ जाड आहे पण पाणी खारट. यवतमाळ आणि चंद्रपूरमध्ये काही गावांच्या पाण्यात फ्लोराइड. म्हणजे एकच नियम शिकून राज्यभर फिरता येईल अशी ही जमीन नाही. ती गावागणिक वाचावी लागते आणि वाचणारी माणसं तयार व्हायला वर्षं जातात.

राज्याची सरासरी काढली तर चित्र बरं दिसतं. दरवर्षी जमिनीत जेवढं उपसण्याजोगं पाणी मुरतं, त्याच्या पन्नास-पंचावन्न टक्के आपण उपसतो, असं अलीकडच्या मूल्यांकनांत आलं आहे. ऐकायला बरं वाटतं. पण या सरासरीत कोकणातला सह्याद्रीचा पाऊसही आहे आणि ऊस-द्राक्षांखाली पिळून निघालेले तालुकेही आहेत. कोकणातलं शिल्लक पाणी लातूरकडच्या औशाच्या शेतकऱ्याला काय कामाचं?

मग हा शेतकरी काय करतो, तर पाणाड्या बोलावतो. तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतात चालायचं, नारळ उभा राहिला तिथे खूण करायची. मी पाणाड्यांची टिंगल करणार नाही. माझे काही सहकारी करतात आणि मला ते आवडत नाही. पाणाड्या बोलावल्या दिवशी येतो, उत्तर जागेवर देतो, दक्षिणा घेतो आणि जातो. शास्त्र शिकलेला माणूस त्या शेतकऱ्याच्या दारात कधी उभाच राहिला नाही, तर त्याने तुलना कोणाशी करायची? पहिला बोअर फेल गेला की दुसरा, मग तिसरा. महाराष्ट्राच्या भूजल अधिनियमात खोल विंधन विहिरीची मर्यादा 60 मीटर, म्हणजे साधारण दोनशे फूट आहे. लातूर-धाराशिवकडच्या रस्त्यावर बोअर मारणाऱ्या एखाद्या गाडीवाल्याला थांबवून विचारा, शेवटचा बोअर किती फूट मारला म्हणून. पाचशेच्या आत उत्तर आलं तर नशीब म्हणायचं.

1972 च्या दुष्काळाच्या काळात राज्याने भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी केली. देशात फार थोड्या राज्यांनी इतक्या लवकर हा विचार केला होता. आजही यंत्रणेची माणसं राज्यातल्या जवळपास चार हजार निरीक्षण विहिरींची पाणीपातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा मोजतात. हे काम कोणाला दिसत नाही आणि याच्यावाचून टंचाईचा एकही आराखडा होत नाही. त्याशिवाय टंचाईत नवी विंधन विहीर घ्यायची तर पाहणी भूवैज्ञानिकाची लागते. जलजीवन मिशनची नळपाणी योजना करायची तर उद्भव विहिरीचं, म्हणजे योजनेला जिथून पाणी मिळणार त्या विहिरीचं, पाणी पुरेल की नाही याचा दाखला त्यांचाच. अटल भूजल योजना आली, तिचं गावपातळीचं कामही त्यांच्याच गळ्यात. जिल्ह्याच्या कार्यालयात ही सगळी कामं ओढणारी भूवैज्ञानिक मंडळी किती, हे पाणीपुरवठा मंत्र्यांनी एकदा स्वतः हजेरीपत्रक मागवून मोजावं. मंजूर पदं आणि भरलेली पदं असे दोन रकाने मागवा, एवढीच विनंती.

उद्भवाचा दाखला हा कागद वाटतो तेवढा सोपा नाही. नदीकाठी विहीर आहे, पावसाळ्यात काठोकाठ भरलेली आहे, ती मे महिन्यात तीन हजार लोकांना पुरेल का? याचं उत्तर विहिरीत डोकावून मिळत नाही. पंप लावून पाणी उपसावं लागतं, मग पंप बंद करून ते किती वेळात किती वर येतं ते मोजावं लागतं, तेही उन्हाळ्यात. ही चाचणी न करता दाखले दिले गेले की काय होतं ते आपण पाहतोच. टाकी बांधून होते, नळ घरापर्यंत येतात, उद्घाटनाची कोनशिला बसते आणि पहिल्याच एप्रिलमध्ये विहीर आटते.

मागच्या उन्हाळ्यात मी माझ्या विद्यार्थ्यांना अशीच एक चाचणी करायला नेलं होतं. थ्री फेज लाईट त्या आठवड्यात रात्रीची होती, म्हणून चाचणीही रात्रीची. विहिरीच्या काठावर पाच जण. एकाच्या हातात टेप, एकीच्या हातात मोबाईलचा टॉर्च आणि वही. पंप बंद झाला की पहिली काही मिनिटं दर मिनिटाला पातळी घ्यायची, मग दर पाच मिनिटांनी, मग अंतर वाढवत न्यायचं. टेपच्या टोकाला खडू फासायचा, टेप खाली सोडायची, वर ओढायची आणि खडू कुठपर्यंत ओला झाला ते वाचायचं. पातळी मोजणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र विभागात एकच आहे आणि त्याची वायर मधेच तुटलेली आहे. रात्री दीडच्या सुमारास वही धरलेली मुलगी म्हणाली, मॅडम, पाणी वर यायचा वेग मधेच बदलला. आलेख तिने काढलाच नव्हता, नुसत्या आकड्यांवरून तिला ते दिसलं होतं. बरोबरच होतं. पाणी मांजऱ्याच्या थरापर्यंत चढलं होतं आणि वरचा झरा आता पाण्याखाली गेला होता. शेतमालक बाजेवर बसून हे सगळं बघत होते. त्यांनी तिला विचारलं, मग पोरी, या विहिरीवर किती एकर भिजंल? तिने वहीत हिशेब केला आणि सांगितलं. दोन एकरांच्या वर ऊस लावू नका काका, एवढंच ती म्हणाली आणि ते म्हातारे गृहस्थ बराच वेळ काही बोलले नाहीत.

ही मुलगी आता तलाठी भरतीच्या क्लासला जाते. एम.एस्सी.चं दुसरं वर्ष नावापुरतं चालू आहे, हजेरी आम्ही सांभाळून घेतो. तिचं काही चुकलंय असं मला वाटत नाही. 2023 च्या तलाठी भरतीला चार हजारांच्या वर जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांवर गेले, हे तिलाही माहीत आहे. पण तिथे निदान जाहिरात निघते. भूवैज्ञानिकाच्या पदाची जाहिरात कधी निघेल, किती जागांची निघेल आणि निकाल कधी लागेल याचं उत्तर तिला द्यायला माझ्याकडेही नाही.

शिष्यवृत्तीचं म्हणाल तर राज्यात आणि देशात योजना कमी नाहीत, हे मी मान्य करते. पण त्यांची मांडणी अशी आहे की एम.एस्सी.ची दोन वर्षं बरोबर मधल्या खड्ड्यात पडतात. पीएचडीला गेलं की बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांची अधिछात्रवृत्ती आहे. नेटची परीक्षा निघाली तर जेआरएफचे, म्हणजे संशोधन अधिछात्रवृत्तीचे, महिन्याला 37,000 आहेत. एम.टेक.ला गेट परीक्षा देऊन प्रवेश घेतला तर एआयसीटीई या केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेचे महिन्याला 12,400 आहेत. हा आकडा गेलं दशकभर हललेला नाही, पण निदान आहे. एम.एस्सी.ला यातलं काहीच लागू नाही. केंद्राची इन्स्पायर योजना वर्षाला 80,000 देते आणि तिच्या विषयांत भूशास्त्र आहे. पण तिची मुख्य वाट बारावीच्या बोर्डात वरच्या एक टक्क्यात येण्याची. आमच्याकडे भूशास्त्राला येणारी मुलं बारावीला वरच्या एक टक्क्यात नसतात. त्या एक टक्क्यातली मुलं कोटा किंवा लातूरच्या क्लासमधून एमबीबीएसला गेलेली असतात. यूजीसीची पदव्युत्तर शिष्यवृत्ती 2023-24 पासून चालू आहे, महिन्याला 15,000, वर्षातले दहा महिने. चांगली योजना आहे. मात्र देशभरातल्या सगळ्या विषयांना मिळून वर्षाला 10,000 जागा, त्यात आमच्या विभागातल्या एखाद्याचा नंबर लागणं म्हणजे लॉटरी. शिवाय ती दहा महिन्यांचीच. उरलेले दोन महिने बहुधा उन्हाळ्याचे, म्हणजे भूजल शिकणाऱ्याने शेतात असायला हवं नेमके ते.

राज्याच्या आपल्या योजनांत अनुसूचित जातीच्या मुलांना राहण्या-जेवण्यासाठी स्वाधार योजनेचा आधार आहे आणि तो खरोखर आधार आहे. आमच्या विभागात त्यामुळेच टिकलेली मुलं मी नावानिशी सांगू शकते, पण सांगणार नाही. बाकीच्यांतल्या अनेकांना फक्त फी-परतावा मिळतो. राज्याने 2024 पासून मुलींची फी माफ केली तीही व्यावसायिक अभ्यासक्रमांना. आता आमच्या एम.एस्सी.ची फी हा मूळ प्रश्न नाहीच, ती तुलनेने थोडी आहे. खर्च होतो तो राहण्या-जेवण्याचा. कॉट बेसिसवरची खोली, मेस, गावाकडे जायची एसटी. त्यावर भूशास्त्राचा खास खर्च फील्डचा. हातोडी, भिंग, नकाशे, जीप आणि कोकणात किंवा चंद्रपूरला आठवडाभर राहणं. फील्ड टूरचे पैसे जमले नाहीत म्हणून आजारी असल्याचं सांगणारी मुलं दरवर्षी असतात. आम्ही शिक्षकही ते खरं मानल्यासारखं करतो.

आणि महाडीबीटी, म्हणजे शिष्यवृत्तीच्या अर्जांचं सरकारी पोर्टल. त्याबद्दल न लिहिता हे पत्र पुरं होणार नाही, पण थोडक्यात लिहिते, कारण सगळ्यांना माहीत आहे. अर्ज भरायचा, तो महाविद्यालयाच्या लॉगिनला पडून राहणार, मग उत्पन्नाच्या दाखल्यात त्रुटी म्हणून परत येणार, मग आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते शोधत फिरायचं, मग कधीतरी हप्ता पडणार. ज्या सत्राचे पैसे असतात ते सत्र तोवर संपलेलं असतं. अशी शिष्यवृत्ती शिक्षणाच्या उपयोगी पडत नाही, ती शिक्षणाचं कर्ज फेडायला उपयोगी पडते. म्हणून माझी विनंती आहे की ही योजना महाडीबीटीवर टाकू नका. शंभर विद्यार्थ्यांसाठी पोर्टलची गरज नाही. विभागप्रमुखाची हजेरीवर सही झाली की पाणीपुरवठा खात्याने दर महिन्याच्या 5 तारखेला थेट खात्यावर पैसे टाकावेत.

हिशेब सोपा आहे. पहिल्या वर्षाचे शंभर आणि दुसऱ्या वर्षाचे शंभर, म्हणजे दोनशे विद्यार्थी. प्रत्येकी वर्षाला 1,80,000. एकूण 3 कोटी 60 लाख. आठवत असेल तर 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होतं. मे महिन्यात रेल्वेने त्या पाण्याच्या वाहतुकीचं सुमारे 4 कोटींचं बिल लातूरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवलं, त्याची बातमीही झाली होती. लातूर शहराचा उद्भव मांजरा धरण, तेव्हा तिथे चार भूवैज्ञानिक जास्त असते तर गाडी आणावी लागली नसती असा दावा मी करत नाही. धरण आटल्यावर शहर बोअरवर गेलं आणि बोअर कुठे घ्यायचे, किती दिवस पुरतील, हे सांगणारी माणसं अपुरी होती, एवढंच माझं म्हणणं. एका शहराच्या काही आठवड्यांच्या पाणीवाहतुकीचा खर्च आणि सगळ्या राज्यातल्या भूजलाच्या विद्यार्थ्यांचं वर्षभराचं पोट, हे दोन आकडे जवळजवळ सारखे आहेत.

आता नेमणुकीचा भाग. इथे मला जरा कडक लिहावं लागेल.

दुर्मीळ कौशल्याच्या विषयांना शिष्यवृत्ती द्या असं म्हटलं की खाती खूश होतात, कारण शिष्यवृत्ती जाहीर करणं सोपं असतं. पण आमच्याकडे टंचाई दोन्ही बाजूंनी आहे. नोकरी नाही म्हणून मुलं येत नाहीत, मुलं येत नाहीत म्हणून विभाग बंद पडायला टेकतात आणि एखाद्या योजनेला एकदम माणसं हवी झाली की मिळत नाहीत. मग एजन्सीमार्फत कंत्राटी माणसं घेतली जातात. ती कामात तरबेज होईस्तोवर योजनेची मुदत संपते, की ती घरी. अटल भूजलसाठी केंद्राने जागतिक बँकेच्या मदतीने सात राज्यांत मिळून 6,000 कोटींची योजना केली, त्यात महाराष्ट्र होता. त्या वर्षांत गावोगावी फिरून पाणीपातळ्या घेणारे, पाण्याचे ताळेबंद मांडणारे माझे काही जुने विद्यार्थी होते. त्यांना आता त्या गावांतल्या विहिरी तोंडपाठ आहेत. त्यातला एक जण सध्या सोलर पंपाच्या कंपनीत विक्री करतो. चांगला पगार आहे, मी त्याला परत ये म्हणणार नाही.

तेव्हा नुसती शिष्यवृत्ती दिलीत तर शंभर मुलं दोन वर्षं 15,000 घेतील आणि तिसऱ्या वर्षी तलाठी भरतीच्या क्लासला बसतील. त्यात त्यांचा दोष नसेल. म्हणून बंधपत्र घ्या, पण दोन्ही बाजूंना बांधणारं. एमबीबीएसच्या मुलांना वर्षभराची शासकीय सेवा करावी लागते, नाहीतर दहा लाख भरावे लागतात, हा नमुना आपल्याकडे आहेच. भूजलाच्या विद्यार्थ्याने दोन वर्षं दिलेल्या तालुक्यात काम करावं, नाही केलं तर घेतलेली रक्कम परत करावी. आणि निकालानंतर सहा महिन्यांत शासनाने ठरलेल्या वेतनावर काम दिलं नाही, तर बंधपत्र आपोआप रद्द व्हावं, मुलाकडून एक रुपयाही मागू नये. दुसरं कलम नसेल तर पहिल्या कलमावर सही करू नका, असं मीच माझ्या विद्यार्थ्यांना सांगेन.

निवड कशी करायची? बारावीचे गुण बघू नका. बी.एस्सी.चे गुण बघा आणि एक दिवस शेतात न्या. ओढ्याच्या कडेला उभं करून विचारा, हे थर कसे आहेत, पाणी कुठे असेल, का? अर्ध्या तासात कळतं. आरक्षण नियमाप्रमाणे असणारच. त्यावर एक अट मी घालेन. ज्या तालुक्यांत उपसा जास्त आहे तिथल्या मुलांना प्राधान्य द्या. ती परत जातात. पुण्याचा मुलगा आष्टीला दोन वर्षं काढेल आणि निघेल, आष्टीचा मुलगा आष्टीतच घर बांधेल.

विभाग नव्याने काढू नका. नागपूर, अमरावती, नांदेड, सोलापूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर इथे भूशास्त्र शिकवलं जातं. त्यांना जमिनीखालच्या पाण्याचा अंदाज घ्यायचे रेझिस्टिव्हिटी मीटर आणि पातळी मोजायची यंत्रं द्या. शिक्षकांची पदं भरा, असंही लिहिते, पण यात माझा स्वार्थ आहे हे उघड आहे, त्यामुळे त्यावर जोर देत नाही.

प्रबंधाचं एक सांगायचं राहिलं. दुसऱ्या वर्षी प्रत्येक विद्यार्थी प्रबंध लिहितो. बहुतेक प्रबंध इंग्रजीत टाइप होऊन काळ्या बायंडिंगमध्ये विभागाच्या कपाटात जातात. शिष्यवृत्ती घेणाऱ्याला एक पाणलोट ठरवून द्या. वर्षभर तिथल्या विहिरी मोजायच्या आणि शेवटी दहा पानांचा मराठी अहवाल ग्रामसभेत वाचून दाखवायचा. ग्रामसभेत प्रश्न विचारले जातात ते आमच्या तोंडी परीक्षेत कोणी विचारत नाही. पीक कोणतं घ्यायचं, बंधारा इथे का नको, शेजाऱ्याच्या बोअरने माझी विहीर आटली का. शेवटच्या प्रश्नाला उत्तर देताना माझीही भंबेरी उडालेली आहे.

आपल्या खात्यांतून येतील त्या हरकतीही मला ऐकू येतात. एक म्हणजे, आज भूशास्त्र, उद्या पशुवैद्यक, परवा विशेष शिक्षण, सगळेच मागतील. मागू द्या ना. राज्याला कोणती माणसं कमी पडतात याची यादी करणं आणि त्या यादीप्रमाणे पदव्युत्तर शिक्षणावर पैसा लावणं यात वाईट काय आहे? सुरुवात एका विषयापासून होते. दुसरी हरकत, उपग्रह आणि संगणक आता पाण्याचे नकाशे देतात. देतात, आणि ते आम्ही रोज वापरतो. केंद्रीय भूजल मंडळाचं जलधर नकाशांचं काम मोलाचं आहे. पण नकाशावर तालुका दिसतो, शेतकऱ्याला गट नंबरातली जागा हवी असते. मधलं अंतर पायी चालूनच कापावं लागतं. तिसरी हरकत वित्त विभागाची असेल. तिला उत्तर वर हिशेबात दिलं आहे.

शासन निर्णय निघायला वेळ लागेल हे मी जाणते. म्हणून त्याआधी करता येण्यासारखी, एक रुपयाही न लागणारी एक गोष्ट मागते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार एम.एस्सी.च्या दुसऱ्या सत्रात ओजेटीची चार श्रेयांकं आहेत, म्हणजे विद्यार्थ्याने कुठेतरी प्रत्यक्ष काम शिकायचं. आमची मुलं त्यासाठी दारोदार फिरतात आणि शेवटी एखाद्या बोअरवेल एजन्सीचा शिक्का मारून आणतात. दुसरं सत्र उन्हाळ्याच्या तोंडावर येतं. मार्च आणि मेच्या पाणीपातळी मोजणीला प्रत्येक जिल्ह्याच्या भूजल कार्यालयाने चार-पाच विद्यार्थी सोबत घ्यावेत, त्यांना टेप आणि विहिरींची यादी द्यावी, आणि काम झाल्यावर प्रमाणपत्र द्यावं. कार्यालयाला मनुष्यबळ मिळेल, मुलांना विहिरी मिळतील. यासाठी उच्च शिक्षण संचालकांचं एक पत्र आणि यंत्रणेच्या आयुक्तांचं एक परिपत्रक पुरेल. मुलांची सत्राची नोंदणी डिसेंबरअखेर होते, त्याआधी ते आलं तर याच उन्हाळ्यापासून सुरू करता येईल. विद्यार्थ्यांची यादी आणि मोबाईल नंबर आम्ही आठवड्याभरात देऊ.

कळावे,

आपली,
भूशास्त्राची एक तासिका प्राध्यापक, मराठवाडा